व्हॉल्व्ह नसलेली लाइन

प्लंबर माणसांना दोनच वेळा आठवतो. पाणी येत नाही तेव्हा आणि पाणी थांबत नाही तेव्हा. मधल्या काळात आम्ही मेलो काय, जगलो काय, कोणाला पत्ता नसतो. तक्रार नाही करत. आमच्या धंद्यात कोणी नाव न काढणं हीच शाबासकी. पण एकतीस वर्षं दुबई, शारजा, अबूधाबीत पाइप जोडून आता घरी बसलोय, आणि दिवाळी अंकवाले म्हणाले लिहा, तर एकदा तरी स्वतःच्या तोंडाने स्वतःची शाबासकी घेऊन टाकतो. हमीदा, म्हणजे माझी बायको, शेजारी बसून सांगतेय, ‘लिहा, पण कॅपचंही लिहा. नाहीतर मी लिहीन.’ तर कॅपचंही लिहितो.

मी गफूर मिस्त्री. दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा. साइटवर पहिल्या दिवशीचे हेल्पर आणि सूटबूटवाले इंजिनीअर, सगळे मला चाचा म्हणायचे.

आखातातलं प्लंबिंग हे आपल्याकडच्यापेक्षा उलट्या खोपडीचं काम. जुलै महिन्यात दुबईच्या अल मनखूलला एक नाशिकचं नवं जोडपं राहायला आलं होतं. त्या बाईंचा फोन. ‘मिस्त्री, बिल्डिंगवाल्यांनी पाइप उलटे जोडलेत! गारचा नळ सोडला की पोळतं आणि गरमचा सोडला की बरं पाणी येतं.’ मी म्हटलं, ‘ताई, पाइप सरळ आहेत, देश उलटा आहे.’ टाकी असते गच्चीवर, उन्हात. तिच्यातून थेट येतं ते गारच्या नळाचं पाणी, म्हणजे चहाचं आधण. गीझर असतो आत, एसीच्या सावलीत. तो उन्हाळ्यात बंद ठेवायचा, त्यात पाणी निवतं, आणि गरमच्या नळाने आंघोळ करायची. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सांगायचा मुद्दा, तिथे उष्णता म्हणजे दुश्मन. गरम पाइप दिसला की तिथला माणूस आधी व्हॉल्व्ह शोधतो आणि बंद करतो. ही सवय लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरूनच भांडण आहे.

नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. रास अल खैमाच्या डोंगरात एका जुन्या अरबी गृहस्थांचं घर होतं. त्यांना सगळे अबू सालिम म्हणत, म्हणजे सालिमचे वडील. सत्तरी ओलांडलेले, ताठ, बोलायला कमी. तरुणपणी शिकायला विलायतेला गेले आणि तिथून लग्न करून आले. मॅडम तिकडच्या खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. चाळीसेक वर्षं आखातात काढली, पोरं वाढवली, नातवंडं आली. हिवाळ्यापासून मे संपेपर्यंत दोघं डोंगरातल्या घरात राहायची. आखातात थंडी कुठली असं तुम्ही म्हणाल. त्या डोंगरावर जानेवारीत एकदा जा, दात वाजले नाहीत तर सांगा.

मॅडमची आई वारली तेव्हा तिकडचं घर विकलं. भावाने विचारलं, तुला काय हवं? बाई म्हणाली, चूल. आणि कंटेनरमधून खरंच चूल आली. अशी-तशी नव्हे. दुधाच्या सायीच्या रंगाची, बिडाची, माझ्या छातीएवढी उंच. आठ माणसांनी ‘यल्ला, यल्ला’ करत ती ट्रकमधून उतरवली आणि त्यातले दोघं दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसले. पोटात तेल जळतं. वर दोन तवे, खाली दोन भट्ट्या, आणि मागे पाण्याची बंद पेटी. स्वयंपाक होता होता त्याच विस्तवावर न्हाणीचं पाणी तापतं.

अबू सालिम मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘मिस्त्री, ये मेरा मॅडम चालीस साल मेरा मुल्क में रहा. कभी कुछ नहीं मांगा. अभी चूला मांगा. ठीक से करो.’

बस. एवढंच बोलले. पण मला ते काळजाला लागलं. माझी आई खाडीकाठी चुलीपुढे बसून गेली, आणि मी आखातात लोकांच्या संडासाचे पाइप जोडत होतो. म्हटलं, गफूर, हे काम सुतासारखं सरळ झालं पाहिजे.

आता धंद्याची गोष्ट सोप्या शब्दांत सांगतो. गॅस कसा, बटण फिरवलं की बंद. ही चूल तशी नाही. ती दिवसरात्र मंद जळत राहते, आणि तेल बंद केलं तरी एवढं बीड तासन्‌तास धगधगत असतं. मागच्या पेटीतलं पाणी सतत तापणार. एक पंप ते पाणी ओढून न्हाणीच्या टाकीत नेतो, तोवर सगळं आलबेल. पण डोंगरात वीज गेली की पंप थांबतो. पंप थांबतो, विस्तव थांबत नाही. मग पेटीतलं पाणी उकळणार, वाफ होणार, आणि वाफेला जायला जागा नसेल तर ती जागा करून घेणार. स्वयंपाकघराची भिंत फोडून का होईना.

म्हणून या चुलीला आणखी एक लाइन लागते. जाड तांब्याचा पाइप, चुलीतून निघून वर जाणारा, वरच्या मजल्यावर एका रेडिएटरमध्ये शिरणारा आणि निवलेलं पाणी घेऊन परत चुलीत येणारा. रेडिएटर म्हणजे पोकळ लोखंडी जाळी, जी गरम होऊन खोलीत ऊब सोडते. या लाइनला पंप नाही, वीज नाही. गरम पाणी हलकं, ते आपणहून वर चढतं. निवलं की जड होऊन खाली येतं. बस, फिरत राहतं. शिवाय याच लाइनचं एक तोंड गच्चीवर छोट्या टाकीवर उघडं सोडायचं, म्हणजे कधी पाणी उकळलंच तर वाफ तिथून निघून जाईल. अटी दोनच. पाइप कुठेही खाली झुकता कामा नये, नाहीतर हवा अडकते. आणि या वाटेवर एकही व्हॉल्व्ह नको. एकही म्हणजे एकही.

इथेच निनादसाहेबांशी वाजलं.

निनाद आमच्या कंपनीचा प्रोजेक्ट इंजिनीअर. आईवडील पुण्याचे, पण पोरगं दुबईत जन्मलेलं, दुबईत वाढलेलं. मराठी सगळं कळतं, उत्तर अर्धं इंग्रजीत. पोरगं हुशार, उर्मट नाही, पण कागदावर लिहिलेलं कुराणासारखं मानायचं. त्याच्या ड्रॉइंगवर त्या रेडिएटरला दोन व्हॉल्व्ह होते. एक येताना, एक जाताना.

मी म्हटलं, ‘साहेब, हे काढा.’

‘चाचा, इट्स स्टँडर्ड. एव्हरी रेडिएटर गेट्स टू व्हॉल्व्ह्ज. मेंटेनन्सला लागतात.’

‘हा खोली उबवायचा रेडिएटर नाही हो. ही पाण्याची पळून जायची वाट आहे. वाटेवर दार कशाला लावता?’

‘ओके, व्हॉल्व्ह लावा आणि हँडल काढून टाका. कॉम्प्रोमाइज?’

‘हँडल काढलं तरी पान्याने फिरतं. उद्या मे महिन्यात इथला वॉचमन वर जाईल. भर उन्हाळ्यात भिंतीवर गरम जाळी बघेल. म्हणेल, कुठल्या वेड्याने लावली? आणि पाना घेऊन बंद करून टाकेल. भल्यासाठीच करेल बिचारा.’

निनादने मान हलवली, पण ती नाहीच अशी. कंपनीचं म्हणणं, ड्रॉइंगप्रमाणे लावा नाहीतर दुसरा मिस्त्री पाठवतो. मी म्हटलं पाठवा. हमीदाने मला खुळ्यात काढलं. ‘या वयात व्हिसाचं लचांड असताना एका व्हॉल्व्हसाठी भांडताय?’ मी म्हटलं, ‘एका नाही, दोन.’

पण नुसतं भांडून काम होत नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला, दाखवूनच देऊ म्हटलं. शारजा औद्योगिक क्षेत्रात एका पठाण वेल्डरच्या शेडमध्ये तो रेडिएटर बनत होता. बनवावाच लागला, कारण दिवसभर फिरून ‘रेडिएटर हवाय’ म्हटलं की दुकानदार विचारायचे, ‘कौन सा गाडी?’ घराला म्हटलं की हसायचे. शेवटी त्या खान वेल्डरने दोन इंची पाइपांची जाळी वेल्ड करून दिली, तीनशे दिरहममध्ये, म्हणजे आपले सात हजार रुपये. पण टाके असे घातले की बोट फिरवलं तर कळणार नाही.

खानाकडून मी एक जाड डबाही करून घेतला. त्याला वर एक नळी, खाली एक नळी, आणि मधोमध एक उभा उघडा पाइप. आम्ही लेव्हल बघायला जी पारदर्शक नळी वापरतो ती वरून काढून, उंच फिरवून, खाली आणून जोडली. डबा पाण्याने भरला, खाली शेगडी पेटवली, आणि वरून चमचाभर चहापूड सोडली. निनादला म्हटलं, बसा स्टुलावर.

पाच-सात मिनिटं काही नाही. साहेब मोबाइल बघायला लागले. मग चहापूड हलली. एका बाजूने वर चढायला लागली, उंचावरून वळली आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरायला लागली. पंप नाही, काही नाही. खान वेल्डिंग सोडून बघायला आला, म्हणाला, ‘सुभानल्ला, चाय तवाफ करता है!’ तवाफ म्हणजे हजला काब्याभोवती घालतात ती फेरी.

निनाद स्टूल पुढे ओढून बसला.

मग मी पक्कड घेतली आणि नळी दाबून धरली. ‘हा तुमचा व्हॉल्व्ह.’ चहापूड जागच्या जागी थांबली. डबा आधी कुजबुजला, मग गुरगुरला, मग ठोके द्यायला लागला, आणि एकदम मधल्या उघड्या पाइपातून कढत चहाचा फवारा उडाला तो थेट साहेबांच्या बुटांवर. साहेब टुणकन उडी मारून शेडबाहेर!

बाहेरूनच त्याने विचारलं, ‘आणि चाचा, हे वरचं तोंडपण बंद असतं तर?’

‘मग बुटांवर भागलं नसतं. ते तोंड कधी बंद करायचं नाही साहेब. जगबुडी आली तरी नाही.’

काय रुबाबात बोललो होतो मी! आठवलं की अजून कान गरम होतात.

संध्याकाळी निनादने ड्रॉइंगवरचे दोन्ही व्हॉल्व्ह खोडले आणि कंपनीला स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं. या पोराला मी तेव्हापासून मानतो. चूक कळल्यावर मागे सरायला इंजिनीअरची कातडी जाड असून चालत नाही.

ती लाइन मी स्वतःच्या हाताने ओढली. हेल्परला फक्त पाइप धरायला दिले. मध्ये एक तुळई आडवी येत होती. तिच्याखालून पाइप घेतला असता तर अर्धा दिवस वाचला असता, पण पाइप झुकला असता. मी दोन भिंती फोडून वळसा घेतला. हातभर अंतरावर लेव्हल लावून बघत गेलो. चुलीपासून वरच्या उत्तरेकडच्या पॅसेजपर्यंत पाइप असा चढत गेला की आत गोटी सोडली असती तर कुठेही न थांबता घरंगळत चुलीत आली असती. प्लास्टर झाल्यावर त्यातलं काहीच दिसत नाही. दिसायचं कारणही नाही. पण मला ठाऊक आहे ना, भिंतीच्या आत काय आहे ते. आजही डोळे मिटले की ती लाइन दिसते, आणि खरं सांगतो, बुर्ज-बिर्ज बघून मला एवढं बरं वाटत नाही.

पंधरा दिवसांनी चूल पेटली. मॅडमने पहिला पाव काढला तेव्हा त्या रडल्या. अबू सालिम दुसरीकडे बघत उभे राहिले. आम्हाला पोटभर जेवू घातलं, खजुरांचा डबा दिला, आणि घाईघाईत, कौतुकात न्हाऊन आम्ही डोंगर उतरलो.

आता कॅप.

नवी लाइन झाली की तिची उघडी तोंडं कॅप लावून बंद करायची आणि आत दाब भरून गळती तपासायची ही आमची रीत. माझ्याकडे त्यासाठी सहा पितळी कॅप होते. माझ्या पहिल्या फोरमनने दिलेले. तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत ठेवायचो. काम संपलं की मोजून, पुसून आत. इतक्या वर्षांत एक हरवला नव्हता.

काम संपल्यावर नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, घरी हत्यारांची पिशवी साफ करायला काढली. डबी उघडली. पाच.

पिशवी उलटी केली. खिसे, गाडी, बुटांचं खोकं. पाच. हमीदा म्हणाली, ‘पडला असेल कुठे, पितळेचा तुकडा तो.’ मी जमिनीवरच बसलो आणि डोळे मिटून काम पहिल्यापासून आठवायला लागलो. चुलीपाशी दोन लावले, दोन काढले. रेडिएटरला दोन, तेही काढले. न्हाणीत एक, काढला. मग गच्ची. त्या उघड्या तोंडाला एक लावला होता. आणि तो काढताना माझा हात मला आठवेना.

आठवलं ते वेगळंच. शेवटच्या दिवशी मी गच्चीवर गेलो होतो, सगळं नजरेखालून घालायला. तो पाइप पाहिला होता. तोंडाला कॅप होता आणि माझा डोळा समाधानाने पुढे गेला होता! कारण आखातातल्या गच्चीवर उघडा पाइप म्हणजे गुन्हा. वाळू जाते, कबुतरं जातात, मजुरांच्या विड्या जातात. इतकी वर्षं मी पोरांना ओरडत आलो, ‘उघडं तोंड दिसता कामा नये.’ तोंड उघडं असतं तर डोळ्याला खुपलं असतं. बंद होतं, म्हणून छान वाटलं. पाणी भरताना लाइन जरा हळू भरली होती, तेव्हाही म्हटलं, लांब आहे, लागणारच वेळ. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बुटांवर चहा उडवून दुसऱ्याला शिकवलं आणि स्वतः बूच मारून आलो.

या अल्ला! आता त्या चुलीला वाचवणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे रेडिएटरची वाट. तिच्यात कुठे हवा अडकली, कुठे माझी लेव्हल चुकली असेल, तर पाणी उकळणार, आणि वाफेला वरचं तोंड बंद. आणि शनिवार होता. शनिवारी नातवंडं डोंगरावर येतात.

अबू सालिमना फोन लावला. बंद. मॅडमना लावला. डोंगरात रेंज नाही. घरातला फोनही मुका. मग निनादला लावला, आणि मराठीत सरळ सांगितलं, ‘साहेब, वरचं तोंड मी बंद ठेवून आलोय.’

मला वाटलं, आता हा मला चहाची आठवण करून देणार. तो एवढंच म्हणाला, ‘चाचा, खाली उतरा. मी निघालो.’

निनादने गाडी डोंगराच्या रस्त्याला घातली. मी तसबीह घेतली होती आणि दाणे ओढत होतो, पण मनात कलमा नव्हता, पाइप होता. पुन्हा पुन्हा तीच लाइन भिंतीच्या आतून चालत होतो. तुळईचा वळसा, पहिला कोपरा, दुसरा कोपरा. इथे लेव्हल बघितली होती का? बघितली होती. नक्की? नक्की. निनादने मध्येच विचारलं, ‘पॉवर असेल ना तिकडे?’ मी म्हटलं, ‘असू दे बाबा, इन्शाल्ला असू दे.’

पोहोचलो तर घराचं फाटक वॉचमनने हाताने ढकलून उघडलं. बटणावर चालणारं फाटक ते. मी विचारलं, बिजली? ‘सुबह से नहीं है चाचा. नीचे लाइन का काम चलता.’

सकाळपासून पंप बंद होता आणि चूल जळत होती.

मी बूट न काढता आत धावलो. मॅडम चुलीपाशी, हाताला पीठ. मला बघून खूश झाल्या. त्या माझ्याशी साध्या सोप्या इंग्रजीत बोलायच्या. म्हणाल्या, ‘मिस्त्री! वीज नाही, आणि तरी बघ, वरचा पॅसेज कसा ऊबदार आहे. पोरं तिथेच खेळताहेत.’

मी जिना चढलो. दोन नातवंडं रेडिएटरला पाठ लावता येत नाही म्हणून त्याच्यासमोर गादी टाकून पत्ते खेळत होती. मोजे जाळीवर वाळत घातलेले. मी वरच्या पाइपला हात लावला आणि झटकन काढला. खालच्या, परत जाणाऱ्या पाइपला लावला. कोमट. मी तिथेच पोरांच्या गादीवर बसलो. पाणी फिरत होतं. सकाळपासून, एकटं, कोणी न सांगता, भिंतीच्या आत माझ्या लाइनवरून चढत होतं आणि उतरत होतं.

मोठी नात म्हणाली, ‘आर यू ओके, अंकल?’ मी म्हटलं, ‘ओके बेटा, तुम्ही दोघं जरा बाहेर अंगणात खेळा.’

खाली येऊन आधी चुलीचं तेल बंद केलं. मॅडम ओरडल्या, पाव आत आहेत! मी म्हटलं, पाव जाऊ देत मॅडम, सगळ्यांना घेऊन बाहेर बसा, नंतर सांगतो. माझा चेहरा बघून त्या पोरांना हाका मारत बाहेर गेल्या. गच्चीवर गेलो. होता. माझा पितळी कॅप, उन्हात चमकत, अगदी ऐटीत बसलेला. गरम असताना काढायचा नाही, म्हणून लाइन निवेपर्यंत मी आणि निनाद टाकीच्या सावलीत बसून राहिलो. बराच वेळ गेला. मग पाना लावला. फुस्स करून हवा सुटली आणि तोंड उघडं झालं.

निनादने माझ्या हातातला कॅप पाहिला. मग हळूच म्हणाला, ‘चाचा, कोणी बघितलं नाही. काही झालेलंपण नाही. तुमची शेवटची वर्षं आहेत.’

वाईट मनाने नाही म्हणाला पोरगा. माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं, खोटं कशाला बोलू? खिशात टाकला असता तर खलास, सहाचे सहा पुरे. पण त्या बाईंनी त्या पॅसेजमध्ये पोरांना बसवलं होतं ते माझ्या भरवशावर. मी म्हटलं, ‘काही झालं नाही हे मला आज कळलं साहेब. त्यांनाही कळलं पाहिजे की काय होऊ शकलं असतं.’

अंगणात टेबलावर मी कॅप ठेवला आणि सगळं सांगितलं. अबू सालिमना आमच्या साइटच्या हिंदीत, मॅडमना निनादने इंग्रजीत. अबू सालिम ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा दगड होत गेला. शेवटी उठून उभे राहिले. ‘मेरा बच्चा लोग ऊपर बैठा था,’ म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. मी मान खाली घालून उभा. तेवढ्यात घरात दिवे लागले. वीज आली होती.

अबू सालिम म्हणाले, ‘चूला निकालो. खलास.’

‘नो,’ मॅडम म्हणाल्या. त्या कॅप हातात घेऊन बघत होत्या. मला विचारलं, ‘आता बरोबर आहे?’

‘बरोबर आहे मॅडम.’

‘तुला कसं माहीत?’

मी म्हटलं, ‘मी लाइन ओढलीय.’

त्या आत गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी भिंतीवरचं पंपाचं बटण माझ्या डोळ्यांसमोर बंद केलं. म्हणाल्या, ‘पेटव. पंप बंदच राहील. पाव पुन्हा भाजायचेत, रस्सा गरम करायचाय, त्याला दोन तास लागतील. आणि तू इथे बसायचंस.’ चुलीपुढची खुर्ची त्यांनी ओढली. चुलीला पाठ करून बसायचं, अशी ठेवली.

अबू सालिमनी नातवंडांना वॉचमनच्या खोलीत पाठवलं आणि स्वतः माझ्यासमोर येऊन बसले. निनादने दाराजवळची खुर्ची धरली. मग कसनुसा झाला, उठला, आणि ती उचलून माझ्या शेजारी आणली.

मी चूल पेटवली आणि बसलो. पाठीला धग लागत होती. मागे लोखंड तापत होतं, टिक टिक करत होतं, आणि प्रत्येक आवाजाला अबू सालिम माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हललो नाही. मला दिसत होतं, इथून पाणी उठलं, कोपरा वळलं, तुळईच्या वळशाने गेलं, जाळीत शिरलं, निवलं, परत फिरलं. तासाभराने अबू सालिम उठून वर गेले. रेडिएटरला हात लावून आले असावेत, कारण खाली आले ते तळहात चोळत. बसले, आणि पहिल्यांदाच मला नुसतं मिस्त्री न म्हणता गफूरभाई म्हणाले. ‘गफूरभाई, बच्चा लोग को बुलाएगा?’

‘बुलाइए,’ मी म्हटलं.

पोरं आली, टेबलाभोवती गलका झाला. मॅडमने पाव कापले, रस्सा वाढला. पंप बंद होता. पाठीशी चूल जळत होती. मी आणखी एक पाव मागून घेतला.